खुर्चीवाला पॉप-अप हाईड: शिकारी पक्ष्यांच्या फोटोंसाठी घ्यावा का?

शिकारी पक्ष्यांचे जवळून फोटो काढायचे म्हटलं की सगळे आधी लेन्सबद्दल विचारतात, पाचशे एमएमची घेऊ की सहाशेची, टेलिकन्व्हर्टर (लेन्सची पोच वाढवणारा जोड) लावला तर चालेल का, क्रॉप बॉडी (छोट्या सेन्सरचा कॅमेरा) बरी की फुलफ्रेम (मोठ्या सेन्सरचा), आणि हाईडचं, म्हणजे आत लपून फोटो काढायच्या छोट्या तंबूचं, नाव कुणी काढतच नाही. खरं सांगायचं तर घार साठ मीटरवर बसलेली असताना सहाशेची लेन्स लावली काय नि आठशेची लावली काय, मधली हवा तेवढीच राहते, आणि ऊन चढलं की ती हवा अशी थरथरायला लागते की फोटो मोठा करून बघितला तर पिसांच्या जागी नुसता लगदा. त्यावर लेन्सकडे उपाय नाही, सॉफ्टवेअरकडे तर नाहीच नाही. अंतर कमी करायला पाहिजे, आणि आपण चालत गेलो की पक्षी उडतो हे सगळ्यांना माहीतच आहे. म्हणून हा एका माणसाचा खुर्चीवाला हाईड घेतला, बरेच महिने वापरतेय, आणि आता त्याबद्दल चांगलं-वाईट दोन्ही लिहिते.

ब्रँडचं नाव मुद्दाम टाकत नाही, कारण याच डिझाइनचे हाईड ढीगभर वेगवेगळ्या नावांनी मिळतात, कापडावरची पानं तेवढी वेगळी, बाकी सांगाडा, खिडक्या, झिपा सगळं जवळपास सारखंच असतं. त्यामुळे एकाचा रिव्ह्यू बऱ्याच जणांना लागू पडेल.

आधी वस्तू काय आहे ते. एक घडीची खुर्ची आणि तिच्या पाठीला जोडलेला कापडी टप, बाबागाडीचा असतो तसा, मागून उचलायचा, डोक्यावरून पुढे ओढायचा आणि पायापर्यंत खाली घ्यायचा की तुम्ही आत. पुढे एक मोठी खिडकी, दोन्ही बाजूंना छोट्या खिडक्या, मागे एक. पुढच्या खिडकीला जाळी आहे आणि जाळीत लेन्ससाठी नाडीवालं भोक. तळ नाही, म्हणजे पाय जमिनीवर आणि जमिनीवर जे काही असेल ते पायावर, मुंग्यांसकट. चार खुंट्या आणि ताण द्यायच्या दोऱ्या सोबत येतात. पिशवीत घालून खांद्याला लावता येतो, पण कॅमेरा बॅग, ट्रायपॉड, पाणी असं सगळं घेऊन लांब चालायचं असेल तर नको वाटतो. उघडायला एक मिनिट पुरतं. बंद करायला मात्र सुरुवातीला चांगलीच झटापट होते, आतली स्प्रिंगची कांडी नेमकी कुठे वळवायची ते हाताला कळेपर्यंत कापड आपल्याशी कुस्ती खेळतं.

आता मुख्य प्रश्न, काम करतो का? करतो. पण कंपनी ज्या कारणासाठी विकते त्या कारणानं नाही. जाहिरातीत कापडावरच्या पानांच्या छापाचं कौतुक असतं, की पक्ष्याला तुम्ही दिसणारच नाही. असं काही होत नाही. गरुडाची नजर माणसाच्या साधारण दुप्पट ते अडीचपट तीक्ष्ण असते, ऑस्ट्रेलियातल्या वेज-टेल्ड ईगलवर तशी मोजमापंही झालेली आहेत. त्या पक्ष्याला माळावर काल नसलेला एवढा मोठा हिरवा गोळा आज दिसत नाही असं समजणं म्हणजे स्वतःचीच फसवणूक आहे. त्याला गोळा दिसतो, नीट दिसतो, तो फक्त त्या गोळ्याला घाबरत नाही, कारण त्यात माणसाचा आकार नाही आणि हालचाल नाही. सगळी जादू या दोन गोष्टींची आहे. छाप पानांचा असो की साधं मातकट कापड असो, फार फरक पडत नाही. आतला हात हलला, की पडतो.

याच्याशीच जोडलेली एक गोष्ट, जी माहीत असली की हाईडमध्ये बसणं एकदम सोपं होतं. या पक्ष्यांच्या प्रत्येक डोळ्यात तीक्ष्ण नजरेच्या दोन जागा असतात, एक समोर बघायला आणि दुसरी, जास्त खोल आणि जास्त तीक्ष्ण, ती बाजूला बघते. लांबची गोष्ट बारकाईनं न्याहाळायची असेल तर पक्षी मान तिरकी करतो आणि एका डोळ्यानं बघतो. आपल्याला वाटतं की तोंड फिरवलं, आता लक्ष नाही, आता लेन्स सरकवू. नेमकं तेव्हाच तो तुमच्या खिडकीचा इंच न इंच तपासत असतो. तेव्हा हात गोठवून ठेवायचे. पक्षी पिसं साफ करायला लागला, खायला लागला, एक पाय पोटाशी घेऊन बसला, की मग हलायचं, तेही हळू.

खिडकीबद्दल जरा सविस्तर, कारण या हाईडचं सगळ्यात चांगलं आणि सगळ्यात वाईट दोन्ही तिथेच आहे. जाळी चांगली आहे, बारीक आहे, आतून बाहेरचं व्यवस्थित दिसतं. पण भोक छोटं आहे, माझ्या लेन्सचं हूड (तोंडावरचं ऊन अडवणारं नळकांडं) लावलेलं असताना ते कसंबसं बाहेर निघतं आणि वरून नाडी आवळली की लेन्स डावी-उजवीकडे फिरवताना अख्खं पुढचं कापड सोबत फिरतं. म्हणजे ज्या हालचाली लपवायला हाईड घेतला त्याच हालचाली आता दुप्पट मोठ्या करून पक्ष्याला दाखवायच्या! यावर उपाय म्हणून नाडी सैल ठेवली आणि भोकाच्या कडेला आतून जाळीचाच एक जास्तीचा तुकडा शिवून घेतला, झालरीसारखा लोंबता, त्यातून लेन्स फिरते आणि कापड जागेवर राहतं. कुठल्याही शिंप्याकडे अर्ध्या तासाचं काम आहे, पण कंपनीनं हे आधीच द्यायला हवं होतं की नाही?

मागची खिडकी मात्र मी जवळपास कायमची बंद करून टाकलीय. नवीन माणूस उकाडा होतो म्हणून पहिल्यांदा तीच उघडतो. मागून उजेड आला की पुढून बघणाऱ्याला आत बसलेल्या माणसाची काळी आकृती लख्ख दिसते, डोकं, खांदे, सगळं, आणि मग हाईडला अर्थच उरत नाही. आत जितका अंधार तितकं चांगलं. या हाईडचं अस्तर काळं आहे, ही जमेची बाजू, पण त्यावर वॉटरप्रूफिंगचा जो थर दिलाय तो चकाकतो. तिरपं ऊन आत शिरलं की आतली बाजू उजळते. गडद रंगाचा फुल शर्ट, काळे हातमोजे आणि तोंडाला गडद कापड, एवढं केलं तर निभावतं. हात आणि चेहरा झाकण्याचा लोकांना कंटाळा येतो, पण हाईडमध्ये सगळ्यात जास्त हलणाऱ्या गोष्टी त्याच आहेत.

आवाज. इथे मी सरळ मार्क कापते. बाजूच्या खिडक्यांना वेल्क्रो आहे. वेल्क्रो! ज्यानं हे डिझाइन केलं तो हाईडमध्ये कधी बसला नसणार. समोर पक्षी आलाय, बाजूची खिडकी थोडी उघडून बघावं म्हटलं की खर्रकन आवाज, आणि शांत माळावर तो आवाज लांबपर्यंत जातो. घारीला कदाचित त्याचं काही वाटणार नाही, पण भोवत्या (हॅरियर) आणि घुबडं यांची गोष्ट वेगळी, त्यांच्या चेहऱ्याची गोल तबकडी असते ना ती आवाज गोळा करून कानाकडे पाठवते, गवतातला उंदीर ते आवाजावरूनच हेरतात. झिपांना मेणबत्ती घासली की त्या गुपचूप सरकतात. वेल्क्रो मी उसवून त्याजागी बटणं लावून घेतली. कापडसुद्धा वाऱ्यात फडफडतं, त्यासाठी दोऱ्या ताणून बांधायलाच पाहिजेत, "आज वारा नाही" असं म्हणून सोडून देऊ नका कारण दहा वाजता वारा सुटतोच.

कॅमेऱ्याचा आवाज हा आता बऱ्याच जणांचा प्रश्न राहिलेला नाही. मिररलेस (आत आरसा नसलेला) कॅमेरा असेल तर बिनआवाजाचं इलेक्ट्रॉनिक शटर लावा आणि बसलेल्या पक्ष्याचे बिनधास्त काढा. फक्त तोच पक्षी उडायला लागला की काही कॅमेऱ्यांत इलेक्ट्रॉनिक शटरनं पंख वाकडे येतात, कारण सेन्सर वरून खाली ओळीओळीनं वाचला जातो आणि तेवढ्यात पंख पुढे गेलेला असतो. जुना डीएसएलआर (आत आरसा असलेला, खटका वाजणारा) असेल तर पहिल्यांदा एकच फ्रेम मारायची, पक्षी काय करतो बघायचं. दचकला तर थांबायचं. दोन-तीन वेळा आवाज होऊनही काही झालं नाही की तो स्वतःच त्या आवाजाकडे लक्ष देणं सोडतो. पहिल्याच झटक्याला वीस फ्रेमचा बर्स्ट मारणारे लोक मग सांगत बसतात की हाईडचा काही उपयोग नाही.

हाईड कुठे लावायचा हे कुठलीही कंपनी सांगत नाही, आणि खरं काम तर तिथेच आहे. उगाच मोकळ्या जागेत लावून बसलात तर दिवसभर चिमण्या मोजाल. आधी पक्ष्याची बसायची जागा शोधायला लागते. एकटा खांब, वाळकी फांदी, दगड, ज्याच्या खाली पांढरे ओघळ असतील आणि उंदराच्या केसांचे-हाडांचे गोळे पडलेले असतील, ज्यांना पेलेट्स म्हणतात, ती जागा रोजच्या वापरातली. पाण्याची जागा तर त्याहून उत्तम, कारण शिकारी पक्ष्यांना अंघोळीची भारी हौस असते आणि तिथे काही आमिष टाकायची गरजच पडत नाही. अर्थात एकच पाणवठा असेल तर तिथे सगळ्यांची तहान अडवून बसायचं नाही, थोडं बाजूला आणि थोडं लांब लावायचं.

मग दिशा. ऊन आपल्या पाठीशी हवं हे सगळ्यांना माहीत असतं, वाऱ्याचं कुणी बघत नाही. हे पक्षी उतरताना आणि उडताना वाऱ्याकडे तोंड करतात. म्हणजे वारासुद्धा आपल्या पाठीकडून येत असेल तर पक्षी उतरताना पंख पसरून आपल्या तोंडासमोर येतो आणि उडतानाही आपल्याच दिशेनं झेपावतो. वारा उलटा असला तर दिवसभर शेपट्यांचे फोटो मिळतात. ऊन आणि वारा दोन्ही पाठीशी अशी सकाळ रोज नसते, पण असेल त्या दिवशी घरी झोपू नये.

हाईड पहिल्याच दिवशी जवळ लावायचा नाही. आधी लांब लावायचा, रिकामाच ठेवायचा, मग रोज थोडा थोडा पुढे. खुर्चीवाल्या हाईडचा इथे तोटा असा की तो इतका हलका आहे की रात्रभर बाहेर ठेवायला मन धजत नाही, एकतर वाऱ्यानं जाईल नाहीतर कुणीतरी नेईल. म्हणून मी जुन्या चादरी आणि काठ्यांचा तेवढ्याच आकाराचा एक गोळा आधी ठेवते, पक्ष्याला त्याची सवय होते, मग त्याच जागी पहाटे अंधारात हाईड लावते. जमिनीच्या मालकाला किंवा जंगलखात्याला विचारून, हे वेगळं सांगायला नको. अंधारात जाणं जमत नसेल तर जुनी युक्ती, दोघांनी हाईडपर्यंत जायचं, एकानं आत बसायचं आणि दुसऱ्यानं गाणी म्हणत परत जायचं. पक्षी जाणाऱ्याला बघतो आणि निवांत होतो. दर वेळी चालत नाही, काही पक्षी फारच चाणाक्ष असतात, पण चालते तेव्हा मजा येते.

आता मिळतं काय ते सांगते, म्हणजे एवढा खटाटोप कशासाठी ते कळेल. एका डबक्याच्या कडेला बसले होते, पाणी आठ-नऊ मीटरवर. शिक्रा आला. आधी फांदीवर, मग दगडावर, मग पाण्यात. नर होता, डोळे लालभडक. मादीचे पिवळसर नारिंगी असतात, लांबून हा फरक कळत नाही, इथून बुबुळाची कडसुद्धा दिसत होती. पोटापर्यंत पाण्यात बसला आणि एकदम पंख आपटायला लागला, पाण्याचे थेंब इतके की ऑटोफोकस थेंबांवर जायला लागला. मधेच थांबायचा, डोळ्यावरून तिसऱ्या पापणीचा पडदा सर्रकन आडवा जायचा, दुधी रंगाचा, आणि एका क्षणात परत लाल डोळा. बाहेर येऊन दगडावर उभा राहिला तेव्हा भिजून निम्मा झाला होता, मांड्यांची पिसं चिकटलेली, पाय काड्यांसारखे लांब, एवढासा दिसत होता, आणि पिवळ्या पायाच्या मधल्या बोटाचं लांबच लांब नख मात्र दगडावर टेकलेलं. मग मान तिरकी करून त्यानं माझ्या खिडकीकडे बघितलं. बराच वेळ. मी श्वास तेवढा घेत होते. मग त्यालाच कंटाळा आला आणि पिसं झाडायला लागला. हा फोटो चालत जाऊन कधीच मिळत नाही, कितीही मोठी लेन्स असू दे.

एवढं जवळ आल्यावर मात्र नवीनच अडचणी येतात आणि त्याची तयारी लोकांनी केलेली नसते. पाचशे एमएमला फुलफ्रेमवर आठ मीटरवर फ्रेमची रुंदी जेमतेम ५८ सेंटीमीटर भरते. शिक्रा त्यात आरामात बसतो, पण काळ्या घारीचे पसरलेले पंख टोकापासून टोकापर्यंत दीड मीटरच्या आसपास असतात, म्हणजे पंख उघडले की दोन्हीकडून कापले गेलेच. म्हणून घारीसाठी हाईड इतका जवळ लावूच नका, नाहीतर झूम लेन्स न्या. दुसरं म्हणजे फोकसची जाडी. त्याच अंतरावर एफ ५.६ ला (हा आकडा लेन्सचं भोक किती उघडं ते सांगतो, आकडा मोठा तर भोक बारीक) साधारण आठ-नऊ सेंटीमीटरच शार्प येतात. पक्षी समोर तोंड करून बसला तर चोच आणि डोळा शार्प, शेपूट धूसर. एफ ८ ला बारा सेंटीमीटरच्या आसपास मिळतात. उजेड असेल तर मी सरळ ८ वर जाते, आयएसओ (सेन्सरची संवेदनशीलता) वाढला तर वाढू दे, हल्ली नॉइज, म्हणजे फोटोतले दाणे, काढता येतो, धूसर डोळा नीट करता येत नाही.

बसलेल्या पक्ष्याला १/५०० सेकंदाचा शटर स्पीड पुष्कळ झाला. पण उडायच्या आधी १/२५०० वर जायला पाहिजे, आणि कधी उडणार ते पक्षी स्वतः सांगतो. अंग आवळून पुढे झुकतो, मान खाली-वर करतो आणि बऱ्याचदा शिटतो. घार, शिक्रा, गरुड हे मागे लांब पिचकारी मारतात, ससाणे सरळ खाली टाकतात. पिचकारी दिसली की शटरवर बोट. याला हसणाऱ्यांनी एकदा करून बघावं.

उडत्या पक्ष्यांसाठी मात्र हा हाईड नाहीच, हे स्पष्ट सांगते. टप डोक्यावर असल्यामुळे वरचं आकाश दिसत नाही, खिडकीतून जेवढा तुकडा दिसतो तेवढाच, आणि लेन्स वर करायला गेलात तर भोकाची वरची कड आडवी येते. कापशी घार हवेत एका जागी पंख फडफडत थांबलेली असताना मी आत बसून नुसती बघत राहिलेय, लेन्स तिच्यापर्यंत पोचतच नाही. त्या फोटोंसाठी मोकळ्यावर बसणं किंवा गाडी बरी.

गाडीचा विषय निघालाच आहे तर सांगते, शिकारी पक्ष्यांसाठी गाडी हा सगळ्यात स्वस्त आणि बऱ्याचदा सगळ्यात चांगला हाईड आहे. रस्त्याकडेचे पक्षी गाडीला सरावलेले असतात, दार उघडून माणूस बाहेर पडला की मात्र लगेच उडतात. काच खाली, खिडकीवर लेन्स टेकवायला बीनबॅग, इंजिन बंद, बस. थंडीच्या दिवसांत हीटर लावून काच उघडली तर आतली गरम हवा लेन्ससमोरून बाहेर जाते आणि फोटो लाटालाटांचे येतात, तेवढं सांभाळा. गाडीला अडचण उंचीची. गाडीतून जमिनीवर बसलेल्या पक्ष्याचा फोटो वरून खाली काढल्यासारखा येतो. खुर्चीवाल्या हाईडची बैठक बुटकी आहे, त्यामुळे नजरेला नजर मिळते आणि मागची पार्श्वभूमी लांब गेल्यामुळे मस्त मऊ होते. या एका बाबतीत त्याला पूर्ण मार्क. पण एवढ्या खाली बसलं की तापलेल्या जमिनीवरची हवासुद्धा जास्त त्रास देते, त्यामुळे सकाळी ऊन चढेपर्यंतच खेळ, मग आवरा.

पैसे भरून बसायचे कायमचे हाईड असतात त्यांच्याशी याची तुलना लोक करतात, ती बरोबर नाही. हंगेरीच्या बेन्स माते या फोटोग्राफरनं एकतर्फी काचेचे हाईड लोकप्रिय केले, त्यात काचेआड तुम्ही पाय हलवा, पाणी प्या, पक्ष्याला पत्ता नाही. पण काच एक-दीड स्टॉप, म्हणजे निम्मा किंवा त्याहून जास्त, उजेड खाते आणि लेन्स काचेला सरळ धरली नाही तर शार्पनेस जातो. फिनलंडमध्ये हिवाळ्यात मेलेलं जनावर ठेवून सोनेरी गरुडांसाठी, स्पेनमध्ये गिधाडांसाठी असे हाईड चालतात. फोटो भन्नाट येतात यात शंका नाही, मला तरी त्यात पक्षी शोधल्याचा आनंद वाटत नाही, हा ज्याचा त्याचा प्रश्न. गिधाडांसाठी मढं ठेवायची कल्पना मात्र कुणी आपल्या मनानं राबवू नये. डायक्लोफिनॅक हे वेदनाशामक दिलेल्या गुरांची मढी खाऊन दक्षिण आशियातली गिधाडं संपत आली, भारतानं २००६ मध्ये जनावरांसाठी ते औषध बंद केलं ते त्याचमुळे. ते जनावर कशानं मेलं, त्याला कोणती औषधं दिली होती, याची खात्री कोण देणार? आणि जिवंत उंदीर बांधून ठेवणाऱ्यांशी तर मला बोलायचंच नाही.

घरट्याजवळ हा हाईड लावू नका. एवढा सुटसुटीत आहे, एका मिनिटात उभा राहतो, म्हणून मोह होतो, पण शिकारी पक्षी घरटं बांधताना आणि अंडी उबवताना सगळ्यात जास्त बिचकतात, थोडा त्रास झाला तरी घरटं सोडून देतात. मादी अर्धा तास उडून बाहेर राहिली तरी अंडी गार पडतात नाहीतर उन्हात तापतात, आणि कावळे हे सगळं बघत असतात. ब्रिटनमध्ये १९८१ च्या कायद्यानुसार तिथल्या बहुतेक दुर्मिळ शिकारी पक्ष्यांच्या घरट्यावर फोटो काढायला परवाना लागतो, उगाच नाही.

हाईडचा इतिहास बघितला तर लोकांनी काय काय केलंय. रिचर्ड आणि चेरी कीअर्टन या इंग्लंडमधल्या भावांनी विसाव्या शतकाच्या तोंडावर बैलाचं कातडं सांगाड्यावर चढवून पोकळ बैल बनवला होता आणि त्याच्या पोटात उभं राहून पक्ष्यांचे फोटो काढले! त्यामानानं आपली खुर्ची म्हणजे चैनच. आणि एरिक होस्किंग, १९३७ साली वेल्समध्ये रात्री हाईडकडे जाताना टॉनी आउल जातीच्या घुबडानं त्यांच्या डोळ्यावर नखं मारली, डावा डोळा कायमचा गेला, तरी पुढे आयुष्यभर पक्ष्यांचेच फोटो काढत राहिले. म्हणून घुबडाच्या घरट्याच्या आसपास रात्री जाणाऱ्यांनी निदान चष्मा तरी लावावा, मुळात जाऊच नये.

बाकीच्या तक्रारी भराभर सांगते. खुर्चीची बैठक सैल आहे, तासाभरात मधे झोळ पडतो आणि पुढच्या नळीनं मांड्यांना रग लागते, पाय बधिर होतात. खाली जाड फोमचा तुकडा टाकला की बरं. हात टेकायला जे दांडे आहेत ते ट्रायपॉडच्या आड येतात, ट्रायपॉडचा एक पाय आपल्या दोन पायांच्या मधे आणि दोन पुढे असं बसवायला लागतं, मोनोपॉड असेल तर सुटसुटीत. टप उंच माणसाच्या डोक्याला लागतो, आणि डोकं हललं की कापड हलतं, तेव्हा सहा फुटी मंडळींनी घ्यायच्या आधी आत बसून बघाच. पाऊस थोडा झाला तर चालतो, जोरात आला तर शिवणीतून गळतो. दुपारी आत भट्टी होते, पाण्याची बाटली हाताशी लागतेच. आणि हो, पाणी प्यायलं की पुढचा प्रश्न येतो, पुरुषांचं बाटलीवर भागतं म्हणे, बायकांनी काय करायचं याचा विचार या उद्योगात कुणीच केलेला दिसत नाही. मी आदल्या तासात पाणी कमी पिते आणि मधली सुटी पक्षी नसताना घेते, पण याला काही सोय म्हणत नाहीत.

तर घ्यावा का? एका ठराविक जागेवर परत परत जायची तयारी असेल, पक्षी कुठे बसतो ते आधी बघून ठेवणार असाल आणि तीन-चार तास काहीच झालं नाही तरी चिडणार नसाल, तर जरूर घ्या, पुढची महागडी लेन्स घ्यायच्या आधी घ्या, लेन्सच्या मानानं हा खर्च काहीच नाही. दर रविवारी नवीन जागा आणि दिवसात पंचवीस जाती असा हिशोब असेल तर पिशवीतून बाहेर निघणार नाही. पाचपैकी साडेतीन स्टार देते, अर्धा स्टार त्या बुटक्या बैठकीचा, आणि गेलेल्या दीडमधला एक नुसत्या वेल्क्रोमुळे गेला.

दुकानात बघायला मिळाला तर तीन गोष्टी तपासा, पुढच्या भोकातून तुमची स्वतःची लेन्स हूडसकट डावी-उजवीकडे फिरते का, अस्तर उजेडात धरल्यावर किती चकाकतं, आणि झिप एका हातानं, न बघता, आवाज न करता उघडते का. ऑनलाइन मागवलात तर परत करायची मुदत संपायच्या आत घरातच अंधार करून तासभर बसून बघा. खुंट्या मात्र सोबत आलेल्या वापरूच नका, वाकतात, लोखंडी वेगळ्या घ्या.